खेळाडूने समाजमाध्यमांवर स्वतःची ओळख कशी उभी करावी? नागपूरच्या एका बॅडमिंटनपटूच्या पालकाची विचारणा

शटल_आणि_शाळा (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी सतरा वर्षांची असून बॅडमिंटन खेळते. राज्य मानांकन स्पर्धांत ती बहुतेक वेळा उपांत्यपूर्व फेरी गाठते आणि यंदापासून राष्ट्रीय मानांकन स्पर्धाही खेळू लागली आहे. मागच्या महिन्यात मानकापूरच्या क्रीडा संकुलात एका जाहिरात एजन्सीच्या प्रतिनिधीने आमची भेट घेतली. नुसत्या पदकांवर आता भागत नाही, खेळाडूने समाजमाध्यमांवर स्वतःचा ‘पर्सनल ब्रँड’ उभा करायलाच हवा आणि ते काम आम्ही करून देऊ, असे त्यांचे म्हणणे आहे.

त्यांचा प्रस्ताव असा: इन्स्टाग्राम खाते एजन्सी चालवेल आणि पासवर्डही तिच्याकडेच राहील. रोज एक रील टाकली जाईल. त्यांपैकी निम्म्या रील खेळाशी संबंध नसलेल्या, म्हणजे कपडे, प्रवास आणि सध्या गाजणारी गाणी यांवरच्या असतील. करार पाच वर्षांचा असेल आणि त्या काळात मुलीला जाहिरातीतून कुठूनही पैसे मिळाले, तरी त्यातले तीस टक्के एजन्सीला द्यावे लागतील. विराट कोहलीला एका पोस्टचे अकरा कोटींहून अधिक रुपये मिळतात, हे त्यांच्या सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर होते.

शटलचे डबे, गटिंग (रॅकेटची जाळी विणून घेणे), बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास आणि राहणे यांचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला आहे. प्रायोजक मिळाला तर हवाच आहे. परंतु मुलगी स्वभावाने अबोल आहे आणि हे सगळे तिच्या खेळाच्या आड येईल, अशी भीती आम्हा दोघांनाही वाटते. या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

---

धरमपेठ_डिजिटल

नमस्कार. मी काही खेळाडूंच्या खात्यांचे काम पाहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी त्या अकरा कोटींविषयी. ती बातमी ऑगस्ट २०२३ मध्ये सगळीकडे फिरली आणि समाजमाध्यमांतून होणाऱ्या आपल्या कमाईबद्दलच्या या बातम्या खऱ्या नाहीत, असे स्वतः कोहलीनेच तेव्हा जाहीर केले. ज्या एजन्सीच्या पहिल्या पानावर खेळाडूनेच नाकारलेला आकडा आहे, तिची पुढची पाने जपूनच वाचावीत. आणि तो आकडा खरा असता, तरी तुमच्या मुलीला त्याचा काय उपयोग होता? क्रिकेटपटूची ओळख दूरचित्रवाणी तयार करते. आयपीएलमध्ये दोन महिने रोज संध्याकाळी तो घराघरांत दिसतो आणि त्याचे खाते त्या ओळखीवर वाढते. बॅडमिंटन, तिरंदाजी, बुद्धिबळ किंवा कुस्ती खेळणारा खेळाडू मोठी स्पर्धा सोडली तर वर्षभर कुठेच दिसत नाही. टोकियोत ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला आणि त्याच्या खात्यावर लाखो लोक धावून आले. पण त्याआधीच्या वर्षांतही तो तेवढाच मन लावून भाला फेकत होता. म्हणून दूरचित्रवाणीवर न दिसणाऱ्या खेळांतल्या मुलांनी स्वतःचे खाते गांभीर्याने चालवावे, असे माझे ठाम मत आहे. एजन्सीचा मुद्दा बरोबर आहे; तिने सुचवलेला मार्ग मात्र चुकीचा आहे.

खेळाडूचा ब्रँड म्हणजे त्याच्या खेळाविषयी लोकांना वाटणारा विश्वास, आणि तो खेळाडूच्या स्वतःच्या आवाजातूनच तयार होतो. आपल्या गावातलेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी येथील बुद्धिबळ स्पर्धेनंतर दिव्या देशमुखने इन्स्टाग्रामवर लिहिले की, तिच्या डावांपेक्षा तिचे केस, कपडे आणि उच्चार यांवरच प्रेक्षकांचे लक्ष जास्त होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिच्या त्या लिखाणाची दखल जगभरच्या बुद्धिबळ वर्तुळाने घेतली, कारण ते तिचे स्वतःचे, मोजके आणि तिच्या खेळाला धरून होते. पुढे जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ही मुलगी कोण हे अनेकांना आधीपासून माहीत होते. असे लिखाण एजन्सीच्या वेळापत्रकातून येत नाही.

नीरजचेही तसेच. टोकियोच्या अंतिम फेरीआधी पाकिस्तानच्या अर्शद नदीमने त्याचा भाला हातात घेतला होता, या साध्या गोष्टीवरून वाद पेटवला गेला. त्याच महिन्यात नीरजने स्वतः व्हिडिओ टाकून सांगितले की, भाले सगळेच वापरतात, आणि माझ्या बोलण्याचा वापर कोणी आपल्या स्वार्थासाठी करू नये. खाते स्वतःच्या हातात होते म्हणून हे लगेच, स्वतःच्या शब्दांत करता आले. पासवर्ड दुसऱ्याकडे असता तर त्या दिवशी तिथे काय लिहिले गेले असते, याचा विचार करून पाहा.

आता अबोल मुलीने काय टाकावे? तिला कॅमेऱ्यासमोर हसून बोलायला लावण्याची काहीही गरज नाही. मोबाईल कोर्टच्या मागे, डोक्याच्या उंचीवर, आडवा ठेवावा म्हणजे दोन्ही टोके आणि पायांची हालचाल दिसते. समजा, मागच्या कोपऱ्यातून ड्रॉप (नेटजवळ अलगद पडणारा फटका) मारून नेटकडे येताना तिचे पहिले पाऊल उशिरा पडते. तेच चार शटल दाखवावेत, एकदा संथ गतीने, आणि वर तिच्याच आवाजात दोन वाक्ये असावीत: “इथे माझा तोल मागच्या पायावरच राहतो. या आठवड्यात फक्त यावर काम करतेय.” पंधरा दिवसांनी सुधारलेले पाऊल दाखवावे. ज्याला बॅडमिंटन कळते तो हे पाहायला थांबतो आणि ज्याला कळत नाही तो काहीतरी शिकून जातो. आर. अश्विनने भारतासाठी खेळत असतानाच यूट्यूबवर तमिळ आणि इंग्रजीत क्रिकेटवर बारकाईने बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या चाहत्यांना एका गोलंदाजाचे डोके कसे चालते हे ऐकायला मिळाले. तुमच्या मुलीने मराठीत बोलावे. मराठीतून बॅडमिंटनचे तंत्र समजावून सांगणारी मुलगी आज सहज उठून दिसेल; इंग्रजीत तिच्यासारख्या हजारो आहेत.

खात्याच्या माहितीत खेळ, वयोगट, शहर, सर्वोत्तम कामगिरी आणि पालकांचा ई-मेल एवढेच असावे. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट वर टाचून ठेवता येतात; तिथे एक सामना, एक सरावाचा तुकडा आणि तिची ओळख करून देणारी एक पोस्ट ठेवावी. प्रसारण वाहिनीचे चित्रण उचलून टाकू नये, हक्कभंगाची तक्रार येते. व्यावसायिक खात्यांना आणि जाहिरातीच्या पोस्टना गाजलेली गाणी सर्रास वापरता येत नाहीत, त्यामुळे ‘चालू गाण्यांवर’ रील करण्याची कल्पना तिथेही अडखळते.

प्रायोजक काय पाहतो, तेही सांगतो. सीताबर्डीचा क्रीडासाहित्य विक्रेता किंवा फिजिओथेरपीचे केंद्र तुम्हाला विचारेल की, तुमचे प्रेक्षक कुठले आहेत. खात्याच्या आकडेवारीत शहरांची नावे दिसतात. तिथे नागपूर, वर्धा, अमरावती दिसले तर पाच हजार फॉलोअरही पुरतात. विकत घेतलेले पन्नास हजार असतील तर त्या यादीतच ते उघडे पडते.

---

कोर्टवरचा_जुना_प्रशिक्षक

धरमपेठ_डिजिटल यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु मुलांच्या दिवसाचा हिशेब त्यांच्या उत्तरात कुठेच आला नाही. सकाळचे सत्र, शाळा किंवा शिकवणी, संध्याकाळचे सत्र, मग व्यायाम, अशा दिवसात रोजची रील बसत नाही. ती बसवायला गेले तर झोप कमी होते आणि पंधरा दिवसांत पायांत जडपणा येतो. प्रशिक्षकाला तो कोर्टवर लगेच दिसतो. रिओ २०१६ च्या ऑलिम्पिकआधी प्रशिक्षक पुल्लेला गोपीचंद यांनी पी. व्ही. सिंधूचा फोन तीन महिने काढून घेतला होता आणि तिने रौप्यपदक जिंकल्यावर, आता तिला फोन परत देईन, असे ते म्हणाले होते. सगळ्यांनी तेवढे कडक व्हावे असे माझे म्हणणे नाही. पण सिंधूसारख्या खेळाडूला जे चालले नाही, ते सतराव्या वर्षी चालेल असे कोणी समजू नये.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी सांगतो की, चित्रण सरावाचाच भाग असू द्या. आम्ही चुका दाखवण्यासाठी तसेही मोबाईलवर चित्रण करतोच. त्यातला तुकडा आठवड्यातून एकदा, रविवारी, घरच्या कोणीतरी कापून टाकावा. मुलीने फक्त आवाज द्यावा. स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून शेवटच्या सामन्यापर्यंत ते ॲप तिच्या फोनवर नसावेच. हरल्यावर येणाऱ्या कमेंट तिने वाचू नयेत. त्या आधी आईवडिलांनी चाळाव्यात आणि घाण असेल ती काढून टाकावी. वीस-अठराला आघाडीवर असताना सामना गमावून आलेल्या मुलीला, बसमध्ये बसल्याबसल्या अनोळखी माणसाचे दोन शब्द किती लागतात, हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. स्पर्धेच्या गावी कुठल्या हॉटेलात उतरलो, हे तिथे असताना कधीही टाकू नये. घरी परतल्यावर टाकावे. कोर्टवर मागे दिसणाऱ्या इतर मुलांच्या पालकांचीही परवानगी घ्यावी.

---

सिव्हिल_लाइन्स_वकील

मी फक्त कायद्याच्या बाजूविषयी लिहितो, कारण पालक नेमके तिथेच फसतात.

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला भारतीय करार कायद्यानुसार, म्हणजे १८७२ पासूनच, स्वतः करार करता येत नाही. एजन्सी पालकांची सही घेईल. मुलगी लवकरच अठरा वर्षांची होणार असताना आज पाच वर्षांच्या कागदावर सही करणे म्हणजे तिच्या वतीने तिची सज्ञानपणाची पहिली चार वर्षे लिहून देणे होय. करार करायचाच असेल तर तो वर्षभराचा असावा, आणि अठरा पूर्ण झाल्यावर तो पुढे न्यायचा की नाही, हे तिने स्वतः ठरवावे. ‘कुठूनही मिळालेल्या’ उत्पन्नात वाटा मागणारे कलम काढायला लावा. एजन्सीने जे काम आणले त्यावरच तिचा हक्क असावा. खाते, त्यावरची छायाचित्रे आणि नाव यांची मालकी मुलीचीच राहील, असे स्पष्ट लिहून घ्या. पासवर्ड न देता काम वाटून देण्याची सोय व्यावसायिक खात्यांत असते, त्यामुळे तो मागण्याला तांत्रिक कारण उरत नाही. अठरा वर्षांखालच्यांची खाती इन्स्टाग्राम आता मुळात खासगीच ठेवते; ते सगळ्यांसाठी खुले करायचे की नाही, हे घरात बसून विचारपूर्वक ठरवावे.

नाव आणि चेहरा यांना किंमत असते, हे २०२१ मध्ये ठळकपणे दिसले. सिंधूने टोकियोत कांस्यपदक जिंकल्यावर, तिच्याशी कसलाही करार नसलेल्या अनेक कंपन्यांनी अभिनंदनाच्या निमित्ताने तिचे छायाचित्र आपल्या बोधचिन्हासह वापरले, आणि तिचे व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेने अशा कंपन्यांविरुद्ध कायदेशीर पावले उचलली. तुमच्या मुलीने उद्या राज्य विजेतेपद मिळवले आणि एखाद्या शिकवणी वर्गाने तिचा फोटो फलकावर लावला, तर तो तिच्या परवानगीने लागला पाहिजे, एवढे भान आतापासून ठेवा.

पैसे घेऊन किंवा मोफत वस्तू घेऊन केलेली पोस्ट ही जाहिरात असते आणि तसे लिहिणे बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेची नियमावली जून २०२१ पासून लागू आहे आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. मोफत मिळालेली रॅकेट, सवलत, प्रवासखर्च हे सगळे त्यात येते. पोस्ट मराठीत असेल तर ‘जाहिरात’ हा शब्दही मराठीतच, सुरुवातीला आणि ठळक दिसेल असा असावा. वीस हॅशटॅगच्या खाली दडवलेला चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

कराचेही पाहा. एका कंपनीकडून वर्षभरात वीस हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या वस्तू मिळून त्या स्वतःकडे ठेवल्या, तर १ जुलै २०२२ पासून त्यावर दहा टक्के कर मुळातच कापला जातो. अल्पवयीन मुलाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेले उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. ते त्या मुलाचेच धरतात. म्हणून मुलीचे वेगळे बँक खाते आणि पॅन असणे सोयीचे पडते.

दोन प्रकारच्या जाहिराती कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नयेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली असून त्यांची जाहिरात करणे हाही गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरा प्रकार म्हणजे प्रथिनांच्या पावडरी आणि ‘ताकदीच्या’ गोळ्या. उत्तेजक चाचणीत शरीरात काय सापडले याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूची असते. डब्यावर ते लिहिले नव्हते, ही सबब चालत नाही. जी पावडर रीलमध्ये दाखवायची ती खावीही लागते, आणि एका भेसळयुक्त डब्यामुळे कारकीर्दीची काही वर्षे जाऊ शकतात.

---

कंपाउंड_धनुष्य

मी तिरंदाजी करतो, म्हणून खेळाडूच्या बाजूने लिहितो. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत, अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन सुवर्ण जिंकले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदके मिळवली. यापेक्षा मोठी कामगिरी काय असू शकते? तरीही शहरातल्या कितीतरी लोकांना मला अजून कंपाउंड धनुष्य (कप्प्या बसवलेले धनुष्य) म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागते. कंपाउंड प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हता, हे त्याचे एक कारण आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये तो मिश्र सांघिक गटात प्रथमच असेल. म्हणून मला वाटते की, आमच्यासारख्यांनी आधी खेळाची ओळख करून द्यावी, मग स्वतःची. मी कप्पी कशी फिरते, ट्रिगर कसा सुटतो हे दाखवतो, तेव्हा लोक प्रश्न विचारतात. मी पदक गळ्यात घालून उभा राहतो, तेव्हा ते लाइक करून पुढे जातात.

रोजच्या रीलविषयी प्रशिक्षक सरांशी मी सहमत आहे. एक भर घालतो: हरल्याचेही लिहावे. विजय सगळेच टाकतात. पहिल्या फेरीत बाहेर पडल्यावर काय चुकले हे चार ओळींत शांतपणे लिहिणाऱ्या खेळाडूवर लोक अधिक विश्वास ठेवतात, आणि पुढच्या वेळी तो कसा खेळतो हे पाहायला आवर्जून येतात. मला पहिली मदत अशाच एका पोस्टनंतर मिळाली. बाणांचा एक संच एका स्थानिक दुकानदाराने स्वतःहून दिला.

---

शटल_आणि_शाळा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. मुलीलाही हे वाचायला दिले. हसून नाचून काही करायचे नाही, हे वाचून ती मोकळी झाली आणि पावलाच्या उदाहरणावर म्हणाली की, हे मला जमेल. एजन्सीला एक वर्षाचा करार, पासवर्ड नाही आणि तिने आणलेल्या कामावरच वाटा, अशा अटी कळवत आहोत. दोन शंका उरल्या आहेत. एजन्सीने नकार दिला तर प्रायोजकाकडे आम्ही थेट कसे जावे? आणि स्पर्धेत सामन्याचे चित्रण करू देतात का?

---

धरमपेठ_डिजिटल

एजन्सीने नकार दिला तर फार वाईट वाटून घेऊ नका. आधी तीन-चार महिने आठवड्याला एक याप्रमाणे पोस्ट होऊ द्या. त्याआधी कोणाकडेही जाऊ नका, कारण दाखवायला काही नसते. मग एका पानाचे पत्र तयार करा. त्यात वर्षभराच्या स्पर्धांचे वेळापत्रक, प्रत्येक स्पर्धेचा अंदाजे खर्च, आजवरचे निकाल आणि खात्याच्या आकडेवारीचे एक चित्र द्या. मागणी नेमकी ठेवा. ‘मदत करा’ असे लिहिण्यापेक्षा ‘सहा महिन्यांचे शटल आणि गटिंग’ किंवा ‘दोन स्पर्धांचा रेल्वे आणि राहण्याचा खर्च’ असे लिहिले की दुकानदाराला किंवा डॉक्टरांना लगेच निर्णय घेता येतो. त्या बदल्यात महिन्याला एक पोस्ट, ‘जाहिरात’ असे लिहून, आणि सरावाच्या टीशर्टवर त्यांचे नाव एवढेच कबूल करा. स्पर्धेच्या कपड्यांवरच्या जाहिरातींना संघटनेचे नियम असतात, ते आधी विचारून घ्यावेत.

---

कोर्टवरचा_जुना_प्रशिक्षक

चित्रणाविषयी मी सांगतो. स्थानिक आणि राज्य स्पर्धांत पालक बहुधा गॅलरीतून चित्रण करतात, पण सामन्याच्या दिवशी सकाळीच मुख्य पंचांना किंवा आयोजकांना विचारून घ्यावे, म्हणजे मध्येच कोणी हटकत नाही. तिवई कोर्टच्या मागच्या गॅलरीत ठेवा. बाजूला ठेवली तर कोर्टच्या रुंदीचा अंदाज येत नाही. फ्लॅश बंद असावा. आणि ते चित्रण त्या रात्री टाकू नका, आधी तिच्या प्रशिक्षकांना दाखवा. कोणता तुकडा बाहेर जाऊ द्यायचा आणि कोणता पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू द्यायचा नाही, हे त्यांना कळते.